लखनौतली शेवटची खरेदी

सहलीचा शेवटचा दिवस म्हणजे हमखास भांडणाचा दिवस! आधीचे तीन दिवस 'उद्या बघू' म्हणत पुढे ढकललेलं सगळं त्या दिवशी एकदम समोर उभं राहतं. आम्ही चौघी मैत्रिणी लखनौला गेलो, तेव्हाही तेच झालं. संध्याकाळी पुष्पक एक्सप्रेस पकडायची होती आणि प्रत्येकीची यादी वेगळी होती. गाणं शिकलेल्या मैत्रिणीला पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ साली सुरू केलेलं संगीत विद्यालय पाहायचं होतं. बँकेत नोकरी करणारीला चिकनचे कुर्ते घ्यायचे होते. सोलापूरची मैत्रीण मात्र बडा इमामबाडा पाहिल्याशिवाय गाडीत बसायला तयार नव्हती.

सकाळीच कैसरबागेत जाऊन संगीत विद्यालय पाहिलं. आता ते विद्यापीठ झालं आहे. एक मराठी माणूस इतक्या दूर येऊन शास्त्रीय संगीताच्या शिक्षणाचा पाया घालतो, याचं आम्हाला उगाचच कौतुक वाटलं. तिथून रिक्षाने इमामबाड्याला गेलो.

ती वास्तू पाहून कोणीही थक्क व्हावं! सुमारे पन्नास मीटर लांबीचा मुख्य दिवाणखाना, पण मध्ये एकही खांब नाही. वरच्या सज्जात एका टोकाला गाइडने काडी ओढली आणि पलीकडच्या टोकाला उभ्या असलेल्या आम्हाला ती स्पष्ट ऐकू आली. मग भूलभुलैयातून फिरताना त्याने इमारतीची गोष्ट सांगितली. १७८४ च्या सुमारास अवधात भीषण दुष्काळ पडला होता. तेव्हा नवाब आसफउद्दौलाने लोकांना काम मिळावं म्हणून हे बांधकाम काढलं. एक दंतकथाही आहे. दिवसा सामान्य मजूर बांधत आणि रात्री, अंधारात, खानदानी घरांतली माणसं येऊन त्यातलं काही पाडत. त्यांनाही मजुरी मिळावी, पण त्यांचे चेहरे कोणाला दिसू नयेत, म्हणून ही व्यवस्था!

आम्ही हसलो. सोलापूरची मैत्रीण मात्र हसली नाही.

"माझी आजी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची," ती म्हणाली. "घरचं चांगलं खाऊनपिऊन सुखी होतं गं. पण विहीर आटली, बैल विकले. कामावर जाताना ती पदर तोंडावर ओढून घ्यायची, ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून. शेवटपर्यंत हे ती कोणाला सांगत नसे. मला एकटीला सांगितलं."

त्या दुष्काळातल्या कामांतूनच महाराष्ट्राची रोजगार हमी योजना वाढली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला, हे आपण शाळेत वाचतो. पण पदराआडचा चेहरा पुस्तकात कुठे असतो?

दुपारी चौकातल्या एका दुकानात शिरलो. चिकनचा एक पांढरा कुर्ता आम्हाला फार आवडला. किंमत अठराशे रुपये. बँकवाली तयारीची. तिने थेट नऊशे सांगितले!

"बहनजी, हाथ का काम है," दुकानदार म्हणाला आणि त्याने सगळं समजावलं. आधी लाकडी ठशाने निळ्या रंगात नक्षी छापायची. मग आसपासच्या खेड्यांतल्या बायका घरी बसून ती भरतात. तांदळाच्या दाण्यासारखा टाका म्हणजे मुर्री, बारीक गाठीचा फंदा. जाळीसाठी धागा कापत नाहीत, सुईने बाजूला सारतात. शेवटी कापड धुतलं की निळा रंग निघून जातो.

"और बनानेवाली को कितना मिलता है?" सोलापूरकरणीने विचारलं.

दुकानदार कुर्त्याची घडी घालू लागला.

बाहेर आल्यावर दोघींची जुंपली. "अगं, मी पूर्ण पैसे दिले तरी ते त्या बाईपर्यंत कुठे पोचणार? मधल्या दलालाच्याच खिशात जाणार ना!" बँकवालीचा मुद्दा खोटा नव्हता. "आणि तू निम्मे दिलेस तर दलाल स्वतःचं कमी करेल, की तिचं?" सोलापूरकरणीचाही खोटा नव्हता.

तोडगा गाणाऱ्या मैत्रिणीने काढला. लखनौत १९८४ पासून 'सेवा' ही कारागीर बायकांची संस्था काम करते, हे तिला ठाऊक होतं. अशा संस्थेकडूनच घ्यायचं आणि सहाऐवजी तीनच कुर्ते घ्यायचे, असं ठरलं. बँकवालीने तोंड वाकडं केलं, पण ती आली.

तुम्हीही लखनौला जाल तेव्हा कुर्ता उलटा करून बघा. यंत्राचं भरतकाम मागूनही एकसारखं असतं, हाताच्या कामात गाठी आणि थोडा फरक दिसतो. लखनौ चिकनला २००८ साली भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. आणि एक प्रश्न जरूर विचारा, बनवणारीला किती मिळतं? दर वेळी उत्तर मिळेलच असं नाही. पण दहाजणींनी विचारलं, तर अकराव्या वेळी दुकानदाराला ते तयार ठेवावं लागेल.

दुष्काळात काम देणाऱ्या नवाबाचं नाव सव्वादोनशेहून अधिक वर्षांनंतरही लोकांच्या तोंडी आहे. विटा वाहणाऱ्यांची नावं कोणालाच माहीत नाहीत. निदान आपण अंगावर घालतो त्या टाक्यांमागे एक बाई आहे, एवढं तरी आपल्या लक्षात राहायला हवं.