गाळातली वीज

ओशिवरा नदी आरेच्या बाजूने येते आणि गोरेगाव ओलांडून मालाडच्या खाडीला मिळेपर्यंत तिचा पार नाला झालेला असतो. मला लागतो तो तिच्या तळाचा काळा गाळ. सडक्या अंड्यांचा वास आला की समजायचं, आत हवा पोचलेली नाही. नेमकं तेच हवं असतं.

बरणीत गाळ, त्यात पुरलेला ग्राफाइट फेल्टचा तुकडा, वर पाणी, पाण्याच्या पृष्ठभागाशी दुसरा तुकडा आणि दोन्हींना जोडणारी तार. गाळातले जिवाणू मळ खातात. सुटलेले इलेक्ट्रॉन घ्यायला तिथे ऑक्सिजन नाही, म्हणून ते ग्राफाइटच्या गळ्यात मारतात. तारेतून इलेक्ट्रॉन वर येतात आणि तिथे हवा त्यांना घेते. जिवाणूंपासून वीज मिळते हे पॉटर या शास्त्रज्ञाने 1911 मध्येच दाखवलं होतं. या कामातला पटाईत जिओबॅक्टर मात्र 1987 साली सापडला, तोही पोटोमॅक नदीच्या गाळातच.

विज्ञान प्रदर्शनांत तांब्या-जस्ताच्या पट्ट्या चिखलात खोचून ‘जिवाणूंची वीज’ दाखवतात. ती वीज जस्त झिजल्याची; लिंबातूनही निघते. खरी परीक्षा सोपी आहे: गाळ उकळून त्याची दुसरी बरणी लावा. दोन्हींत सारखाच व्होल्ट दिसला, तर जिवाणूंचं नाव घेऊ नका. शिवाय तांबं त्यांना विषारी.

आता हिशेब. हजार ओहमच्या रोधावर 0.3 व्होल्ट, म्हणजे 0.09 मिलिवॅट. नऊ वॅटच्या एका दिव्याला अशा एक लाख बरण्या! एकापुढे एक जोडल्या, तर त्यातली अशक्त बरणी उलटी फिरते आणि इतरांचं कमावलेलं खाते.

म्हणून मी दिव्याचा नाद सोडला आणि बरणीला मीटर मानलं. पाण्यात मळ जास्त, तर प्रवाह जास्त, काही मर्यादेपर्यंत. प्रयोगशाळेत बीओडी, म्हणजे पाण्यातला मळ कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, काढायला आपल्याकडे 27 अंशांवर तीन दिवस लागतात, बरणी काही तासांत खबर देते. अडचण एकच. वरच्या अंगाला कुणी ॲसिड ओतलं तरी प्रवाह कोसळतो. आकडा उतरला तो पाणी सुधारल्यामुळे, की खाणारेच मेल्यामुळे? अशा वेळी चिमूटभर सोडियम ॲसिटेट टाकून वाट बघायची. प्रवाह चढला, तर जिवाणू जिवंत आहेत आणि पाण्यातच खायला कमी होतं.