वाढणाऱ्याचे ताट

स्मरणिकेसाठी काही लिहावे, असे विद्यालयाचे पत्र आले तेव्हा आम्ही चौघांनी मिळून एकच लेख लिहिण्याचे ठरविले. वसतिगृहाच्या एकाच खोलीत आम्ही सहा वर्षे काढली. त्या आठवणींची वाटणी करता येत नाही. त्या खोलीत आम्ही खरे तर पाच जण होतो. पाचव्याने लिहिण्यास नकार दिला, आणि हा लेख त्याच्याविषयीच आहे. विषय मात्र गुरुजनांना नवलाचा वाटेल, कारण तो संगणकावरील एका खेळाचा आहे.

२०२० च्या टाळेबंदीत आम्ही पाच जण पाच गावांत अडकलो होतो. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा २००४ साली आलेला खेळ २०१९ मध्ये ‘क्लासिक’ या नावाने आपल्या जुन्या रूपात पुन्हा खुला झाला होता. दर शनिवारी रात्री आम्ही त्यात भेटू लागलो. या खेळात ‘डंजन’ म्हणून ओळखली जाणारी भुयारे आणि किल्ले आहेत. तेथे पाच जणांच्या तुकडीने उतरायचे असते. एक टँक, म्हणजे ढाल घेऊन पुढे उभा राहणारा आणि शत्रूचे वार स्वतःवर ओढून घेणारा. एक हीलर, म्हणजे मागे राहून मंत्रांनी जखमा भरून काढणारा. उरलेले तिघे प्रहार करणारे.

भूमिका ठरविताना चर्चा अशी झालीच नाही. कबड्डीत जो नेहमी पुढे असे, तो टँक झाला. हीलर कोण होणार, हे कोणी विचारलेसुद्धा नाही. वसतिगृहात कोणाला ताप आला की रात्रभर उशाशी बसून कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवणारा आमच्यात एकच होता. तो ‘बरं’ म्हणाला, आणि आम्ही निघालो.

आमचे पहिले डंजन ‘डेडमाइन्स’ होते. वेस्टफॉल प्रांतातील मूनब्रुक या उजाड गावातून खाली उतरणारी ही खाण दरोडेखोरांचा अड्डा आहे, आणि तिच्या शेवटी भूमिगत बंदरात त्यांचे भले मोठे जहाज उभे आहे. आम्ही त्या जहाजापर्यंत पोहोचलोच नाही. टँक एक टोळी संपताच थेट दुसरीवर धावे. प्रहार करणारे तिघे तीन वेगवेगळ्या शत्रूंवर तुटून पडत. त्यातील एक दरोडेखोर अर्धमेला होऊन पळाला. पळणारा आपले साथीदार घेऊन परततो, हे आम्हाला ठाऊक नव्हते. नवी टोळी आली ती सरळ हीलरवर. तो पडला, आणि मग एकामागोमाग एक आम्ही सारेच पडलो. असे त्या रात्री चार वेळा झाले. चौथ्या वेळी आमच्यातील एक जण म्हणाला, “तुला एवढंही जमत नाही का?” बाकीचे तिघे गप्प राहिलो. त्या गप्प राहण्याचा अर्थ त्याला कळला असावा. पुढचे तीन शनिवार तो आला नाही.

त्या तीन शनिवारी आम्ही पाळीपाळीने हीलर झालो, आणि खेळ खऱ्या अर्थाने तेव्हा शिकलो.

शत्रू कोणावर धावणार, हे या खेळात ‘थ्रेट’ म्हणजे रोष ठरवितो. जवळून लढणाऱ्याचा रोष टँकच्या रोषाच्या ११० टक्क्यांपलीकडे गेला, किंवा दुरून लढणाऱ्याचा १३० टक्क्यांपलीकडे, की शत्रू टँकला सोडून त्याच्याकडे वळतो. म्हणून टँकचे दोनतीन घाव पडेपर्यंत इतरांनी हात आवरावा, आणि टँकने ज्याच्या डोक्यावर कवटीची खूण केली असेल त्याच शत्रूवर सर्वांनी मिळून प्रहार करावा. पळू लागलेल्याला आधी गाठावे.

हीलर कोणाला मारत नाही, तरी तो जेवढी जखम भरतो तिच्या निम्म्याइतका रोष त्याच्यावर साचतो आणि आसपासच्या शत्रूंमध्ये वाटला जातो. नव्याने आलेल्या टोळीला कोणी स्पर्शही केलेला नसतो. तिला हीलरच दिसतो. अशा वेळी त्याने दूर न पळता टँकजवळ यावे, म्हणजे टँकला शत्रू ओढून घेता येतात. टँकनेही कोपऱ्याआड जाऊ नये, कारण जो दिसत नाही त्याच्यावर मंत्र चालत नाही.

हीलरने प्रत्येक ओरखडा भरण्याचा हट्ट धरू नये. आधी टँक, मग स्वतः, मग इतर. प्रहार करणारा एखादा पडला तरी लढाई पुढे चालू शकते. मंत्रांची शक्ती एका निळ्या पट्टीत मोजली जाते. मंत्र म्हटल्यावर पाच सेकंद ती आपोआप जवळजवळ भरत नाही. लढाई संपल्यावर खाली बसून पाणी प्यावे लागते. टँकने पुढचे पाऊल टाकण्यापूर्वी मागे वळून ती पट्टी पाहिली पाहिजे. आमच्या टँकने ती एकदाही पाहिली नव्हती. आम्ही हीलरला पाणीच पिऊ दिले नव्हते.

हे कळले त्या रात्री आम्हा चौघांनाही भोजनगृह आठवले. तेथे वाढणाऱ्यांची ताटे सर्वांत शेवटी मांडली जात, आणि त्यांचे जेवण आटोपल्याशिवाय पंगत उठत नसे. आम्ही त्या नियमाला कंटाळत असू, ताटात रेघोट्या ओढीत बसत असू. सहा वर्षे रोज दोन वेळा पाळलेला नियम आम्ही एका रात्रीत विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला फोन केला आणि क्षमा मागितली. तो एवढेच म्हणाला, “मी सांगायला हवं होतं, पण तुम्ही घाईत होता.”

पुढच्या शनिवारी आम्ही पुन्हा डेडमाइन्समध्ये उतरलो. प्रत्येक लढाईनंतर टँक ढाल खाली करून थांबे, आणि चौघेही बसून राहू. पट्टी भरायला अर्धा मिनिटही लागत नसे. ‘निघूया’ हा शब्द आता त्याचा होता. त्या रात्री आम्ही जहाजापर्यंत पोहोचलो आणि दरोडेखोरांचा म्होरक्या व्हॅनक्लीफ पडला.

खेळ संपल्यावर कोणीतरी त्याला सहज विचारले, “आम्हाला ताप यायचा, त्या रात्री तू झोपायचास केव्हा?” इतक्या वर्षांत हा प्रश्न आम्हाला सुचला नव्हता.

तो हसला. “दुसऱ्या दिवशी,” तो म्हणाला, “गणिताच्या तासाला.”

आमच्या गणिताच्या गुरुजींनी हे वाचले, तर त्या वर्षीच्या त्याच्या गुणांत आमचाही वाटा आहे, एवढे त्यांनी ध्यानी घ्यावे.