चार प्राध्यापकांचं पत्र

आज भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम १२०, बलात्काराच्या खटल्यातल्या संमतीबद्दलचं, शिकवायचं होतं. मुलांनी समासात पेन्सिलीने जुना आकडा लिहून ठेवलेला: ११४-अ. आकडे पाठ होतात, त्यामागची माणसं राहून जातात, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून पुस्तक मिटून १९७९ चं पत्र वाचायला दिलं. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात बलात्कार झाल्याचं सांगणारी आदिवासी मुलगी. अंगावर जखमा नाहीत, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडलेलं. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर. कायदा शिकवणाऱ्या चौघांनी थेट सरन्यायाधीशांना लिहिलं. १९८३ मध्ये कायदा बदलला, ११४-अ आलं.

मागच्या बाकावरची मुलगी कागदाची घडी घालत हळूच म्हणाली, “सर, देसाईगंज म्हणजे आमचं वडसा.”