नेट बंद होतं, कॉल लागत होता

७ जून २०२३ ला कोल्हापुरात नेट बंद झालं. काही पोरांनी ठेवलेल्या स्टेटसवरून वातावरण तापलं, बंदची हाक आली, शिवाजी चौकात गर्दी जमली, दगडफेक झाली, लाठीमार झाला. अफवा पसरू नयेत म्हणून इंटरनेट बंद. तुम्ही तेव्हा पुण्या-मुंबईत असाल, तर आमच्या गावात काय चाललंय ते तुम्हाला आमच्या आधी कळलं असेल.

मी आधी चार वेळा फ्लाइट मोड चालू-बंद केला. मग मोबाईललाच शिव्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी दूध आणायला गेलो तर पाकिटात दहाची एक नोट आणि लायब्ररीचं कार्ड. यूपीआय आलं २०१६ मध्ये. सात वर्षांत नोटा बाळगायची सवयच गेली. दुकानदार मामा म्हणाले, "ने की भावा, उद्या दे." वरच्या फळीवरून उधारीची वही काढली, धूळ झटकली आणि मला नाव विचारलं. दोन वर्षं रोज जातोय तिथं. त्यांचं नाव मला माहीत होतं, क्यूआर स्कॅन केला की दिसतं.

हा किस्सा मी नंतर बऱ्याच जणांना हसत सांगितला. दुसरा नाही सांगितला.

माझा एक वर्गमित्र जुन्या शहरात राहायचा. मुसलमान घर. आम्ही दिवसाला दहा-पंधरा रील्स एकमेकांना पाठवायचो. त्या दोन दिवसांत ना त्याचं काही आलं, ना माझं गेलं. नेट नाही ना, असं मी स्वतःला सांगत होतो. पण कॉल लागत होता. गडहिंग्लजहून आईनं तिच्या बटणांच्या फोनवरून तीनदा केला होता. त्याचा नंबर मी दोनदा उघडला आणि मिटला. 'घरी बरं हाय काय?' हे टाइप करणं सोपं असतं. तोंडानं विचारलं तर पलीकडची शांतता पण ऐकावी लागते.

'अ‍ॅक्सेस नाऊ' नावाची संस्था असे बंद मोजते. २०२३ मध्ये भारतात ११६, जगात सर्वाधिक. सरकारनं नेट का तोडावं यावर मी तावातावानं बोलू शकतो. पण तो कॉल सरकारनं तोडला नव्हता.

नेट आल्यावर पहिल्या पाच मिनिटांत मी मेसेज टाकला, "सेफ आहेस ना भावा?" पुढं हात जोडलेला इमोजी. ब्लू टिक लगेच आली. उत्तर तासाभरानं.

"हो. नेट नव्हतं."

"हो ना," मी लिहिलं.

मग कॉल लॉग खाली सरकवत गेलो. त्याचा शेवटचा कॉल फेब्रुवारीतला होता, एकवीस सेकंदांचा. 'खाली ये', एवढंच बोललो असणार.