पर्वतीच्या पायऱ्या

पुण्यातील मुलांना पर्वती प्रथम भेटते ती पायऱ्यांच्या रूपाने. देऊळ, इतिहास, वरून दिसणारा देखावा हे सारे मागाहून. दगडी पायऱ्यांची ती रुंद चढण समोर आली, की मुलांचे पाय आणि तोंड एकदमच चालू लागते.

माघातल्या एका रविवारी नारायण पेठेतील एक कुटुंब असेच पर्वतीला निघाले. आजोबा, आई, बाबा, अकरा वर्षांची मुलगी आणि शेजारच्या बिऱ्हाडातला तिचा सवंगडी. त्याच्या वडिलांची नागपूरला बदली झाली होती. पुढच्या रविवारी ते बिऱ्हाड पुण्यात असणार नव्हते. सर्वांना हे ठाऊक होते आणि म्हणूनच कोणी त्याचा उच्चार करीत नव्हते.

दोघेही मोजत मोजत धावत सुटली.

"एकशे दोन!" वर पोहोचताच मुलगी म्हणाली.

"छे! एकशे चार. तू उड्या मारल्यास."

"आणि तू एकच पायरी दोनदा मोजलीस!"

शब्दाने शब्द वाढला. शेवटी मुलगा म्हणाला, "असू दे तुझ्याच एकशे दोन. मी कुठे पुन्हा मोजायला येणार आहे?"

मुलगी काही बोलली नाही. दूर जाऊन ती एका कठड्यापाशी उभी राहिली.

पायऱ्या 103 आहेत, हे आजोबांना पक्के ठाऊक होते. पण त्यांनी ते सांगितले नाही. वडील माणसांना हा संयम क्वचितच साधतो! त्यांनी मुलाला हाक मारली आणि त्याला घेऊन ते कठड्यापाशी आले.

"नानासाहेब पेशव्यांनी 1749 साली येथे देवदेवेश्वराचे मंदिर बांधले," ते म्हणाले. "पानिपतच्या पराभवाचे दुःख त्यांना सोसले नाही. 1761 च्या जूनमध्ये येथेच त्यांनी देह ठेवला." मग त्यांनी खाली बोट दाखविले. "ती सारसबाग. तेथे पूर्वी तळे होते, तेही नानासाहेबांनीच करविलेले. तळ्यातल्या बेटावर पुढे सवाई माधवरावांच्या काळात गणपतीचे देऊळ झाले. आता तळे राहिले नाही. पण लोक अजून त्याला तळ्यातला गणपतीच म्हणतात."

"तळे नसताना?" मुलाने विचारले.

"तळे नसताना."

मुलगी वळून पाहू लागली. दूर नैऋत्येस सिंहगड धुरकट दिसत होता.

मग आईने दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ असा फराळ मांडला. टेकडीच्या मागच्या बाजूस मोकळ्या जागेत लगोरीचे चार डाव झाले. चपट्या दगडांची तेथे वाण नव्हती. भांडण कोणी मिटविले नाही. लगोरी रचता रचता ते आपोआप मागे पडले.

उन्हे कलली. उतरताना दोघांनी एका सुरात मोजायचे ठरविले. साठीच्या पुढे आकडा गेला, तोच खालून शाळेच्या मुलांचा एक मोठा घोळका वर आला. तीही मोठ्याने मोजत होती. दोन्ही मोजण्या एकमेकींत अशा मिसळल्या, की कोणालाच आपला आकडा सापडेना.

"चुकले!" मुलगी म्हणाली.

"मग पहिल्यापासून," मुलगा म्हणाला आणि उलट वर धावू लागला. ती त्याच्यामागून निघाली.

"अरे, अंधार पडेल!" आईने हाक दिली. आजोबांनी तिला हाताने थोपविले आणि ते तेथेच पायरीवर टेकले.

थोड्या वेळाने वरून दोघांचा आवाज ऐकू आला, "एक, दोन, तीन..."