भीष्माचे दाते

काही रणगाड्यांना दोन गिअरबॉक्स असतात, एक डाव्या पट्ट्याला आणि एक उजव्या, हे पन्नाशी उलटेपर्यंत मला ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून माझं काही अडलंही नव्हतं. दौलताबादेत माझं मेडिकलचं दुकान आहे. गाव मला डॉक्टर म्हणतं, मी नाही म्हणायचं केव्हाच सोडून दिलंय. चष्म्याची दांडी सैल झाली की पेचकस हातात घ्यायचा, यंत्राशी माझा संबंध इतकाच. पण भाचा नोकरीला परदेशी गेला आणि जाताना त्याचा रिमोटवरचा रणगाडा माझ्या गळ्यात घालून गेला. "मामा, मधूनमधून चालवत जा. पडून राहिला तर खराब होईल."

खेळणं म्हणावं तर ते खेळणंही नाही. आपल्या सैन्यात टी-९० आहे, त्याचा हा सोळावा हिस्सा. नळी सोडून हातभर लांब. खऱ्या टी-९०चे पहिले ३१० रणगाडे घ्यायचा करार भारतानं रशियाशी २००१ साली केला आणि आपल्याकडं त्याचं नाव पडलं 'भीष्म'. भाच्यानं जाण्याआधी ह्या भीष्माचे प्लॅस्टिकचे पट्टे काढून धातूचे बसवले होते. चालताना खळखळ आवाज येतो, वजनही चांगलंच वाढलंय. अंगणात चालवला की गल्लीतली पोरं जमतात आणि "मेंढा तोपेसमोर नेऊन उभा करा," असा सल्ला देतात. किल्ल्यावरच्या त्या तोपेच्या मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं आहे. गावातल्या पोराला तोप म्हटली की तीच आठवते.

आमच्या अंगणात मुरूम आहे. एका संध्याकाळी मुरमावर भीष्म जागच्या जागी वळत असताना आतून टर्रर्र असा आवाज आला आणि उजवा पट्टा थांबला. डावा चालूच. म्हणजे रणगाडा स्वतःभोवती गोल फिरायला लागला आणि पोरं टाळ्या वाजवायला लागली.

भाच्याला फोन केला. तो हसला आणि म्हणाला, "प्लॅस्टिकचे दाते गेले. गिअरबॉक्स अपग्रेड करून टाक, स्टीलचे घे. सोपं आहे, मामा." जो माणूस सहा हजार किलोमीटरवर बसलाय त्याला सगळंच सोपं असतं.

दुकान बंद केल्यावर मोबाइलवर शोधायला बसलो. तीनास एक, चारास एक, पाचास एक. शाफ्ट आखूड की लांब. मोटर ३८० की ३९०. बेअरिंगवाला की बुशवाला. आमच्या धंद्यातही एका औषधाच्या पंचवीस कंपन्या असतात, पण तिथं चिठ्ठी लिहून देणारा कोणीतरी असतो. इथं चिठ्ठीही मीच लिहायची आणि औषधही मीच द्यायचं. त्यात माल चीनचा. खेळण्यांवरची आयात ड्यूटी २०२०च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० वर गेली आणि २०२३ मध्ये ७० वर. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसची खूण सक्तीची. देशी खेळण्यांना त्यानं बळ मिळालं असेल, माझा विरोध नाही. पण ज्याला फक्त दातेरी चाकांची एक जोडी हवीय, त्यानं कुठं जायचं?

मी अण्णांकडं गेलो. अण्णा शेजारचेच. वाळूज एमआयडीसीत एका गिअरच्या कारखान्यात हॉबिंग मशीनवर त्यांची नोकरी झाली. निवृत्तीनंतर पेरूची बाग बघतात. संभाजीनगरच्या आसपास अशी माणसं गल्लोगल्ली सापडतात. पोस्टमनसारखा चेहरा, आणि आयुष्यभर स्कूटर-रिक्षांची दातेरी चाकं कापलेली. त्यांनी मोबाइल लांब धरून वाचलं आणि पहिलाच प्रश्न केला, "डॉक्टर, तीनास एक म्हणजे काय? अख्ख्या डब्याचा रेशो की एका जोडीचा?"

मला काय माहीत!

मग त्यांनी माझ्याच बिलबुकाच्या मागं हिशेब मांडला. खरा टी-९० रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर पळतो. त्याचे सोळा भाग केले तर पावणेचार किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साधारण एक मीटर. जेवणानंतर शतपावली घालतो तो वेग. ज्या दातेरी चाकावरून पट्टा फिरतो त्याचा घेर मोजला, साडेबारा सेंटिमीटरच्या आसपास भरला. सेकंदाला एक मीटर जायचं तर ते चाक आठ वेळा फिरायला हवं, मिनिटाला ४८०. आणि एवढीशी मोटर मिनिटाला पंधरा हजारांच्या घरात फिरते. "म्हणजे तिचा वेग तिसाव्या हिश्शावर आणायचा आहे. तीनास एकवर हे भागेल का? ही नुसती नावं आहेत. आकडा मोठा तो हळू आणि ताकदीचा, एवढंच धरून चाला." वेग मारला की तेवढी ताकद वाढते, हे मी शाळेत वाचलं असणार. पण माझ्या बिलबुकाच्या मागं ते मला पहिल्यांदा दिसलं. आम्ही चारास एक मागवला. पोरांना तीनास एक हवा होता, त्यांचा सल्ला घेतला नाही.

पार्सल यायला बराच वेळ लागला. तोवर जुना डबा उघडून बघू, असं अण्णा म्हणाले. तळाचं झाकण काढलं, दोन स्क्रू सोडवले, आणि काड्यापेटीपेक्षा जरा मोठा डबा हातात आला. आत लहानमोठी चाकं एकमेकांत अडकलेली. मोटरच्या टोकाला पितळेचं इवलंसं पिनियन, त्याला लागून मोठं पांढरं चाक, त्याच्याच अंगावर पुन्हा एक छोटं, त्याला लागून आणखी एक मोठं. प्रत्येक जोडीत वेग थोडा घटतो आणि जोर वाढतो. त्यामुळं मोटरजवळचं चाक सगळ्यात वेगात असतं, पण सगळ्यात जास्त भार येतो शेवटच्यावर. आमचे दाते गेले होते ते शेवटच्याच चाकाचे, सलग पाच. मुळापासून नाही, निम्म्यातून वाकून सोललेले. बाकीचे सगळे ठणठणीत.

"आणि हे वळतानाच का गेलं?" मी विचारलं.

अण्णांनी ओसरीवरची चटई दोन हातांनी ओढून वळवून दाखवली. रणगाड्याला कारसारखी पुढची चाकं वळवता येत नाहीत. एक पट्टा थांबवायचा किंवा उलटा फिरवायचा आणि दुसऱ्यानं ढकलायचं. तेवढ्यात दोन्ही पट्टे जमिनीवर आडवे घासत जातात. सरळ चालताना लागतो त्याच्या कितीतरी पट जोर तिथं लागतो. त्यात पट्टे धातूचे, खाली मुरूम, आणि एखादा खडा चाक आणि पट्ट्याच्या मध्ये सापडला की संपलं.

खऱ्या टी-९०च्या पोटातही दोनच गिअरबॉक्स आहेत, डावीकडं एक, उजवीकडं एक. टी-७२ पासून चालत आलेली ती रचना. सात गिअर पुढचे, एक मागचा. वळताना ज्या बाजूला वळायचं त्या बाजूचा डबा खालच्या गिअरमध्ये जातो, तो पट्टा मंदावतो आणि रणगाडा तिकडं वळतो. खेळणं करणाऱ्यांनी खेळण्यापुरती काढलेली ही सोय असणार, असं मला वाटत होतं. निघाली ती सेहेचाळीस टनांच्या धुडाचीच युक्ती. फरक एका ठिकाणी आहे. खरा टी-९० मागं जातो ताशी जेमतेम चार किलोमीटरनं. आमचा मात्र पुढं जातो तेवढ्याच जोमानं पळही काढतो.

नगरला एका लग्नाला गेलो होतो, तेव्हा वेळ काढून फराहबागेजवळचं रणगाडा संग्रहालय बघून आलो. आर्मर्ड कोरच्या केंद्रानं ते १९९४ मध्ये उघडलं. ह्याआधीही एकदा तिथं गेलो होतो, पण तेव्हा नजर तोफांवर होती. ह्या वेळी सगळ्यांच्या दातेरी चाकांकडं बघत फिरलो. आपला विजयंता, पाकिस्तानी फौजेकडचा पॅटन, ब्रिटिशांचा चर्चिल, सगळ्यांचं ओढणारं चाक मागं. जपानी हा-गोचं मात्र पुढं. पॅटनच्या त्या चाकाचा एकेक दात माझ्या मनगटाएवढा. रखवालदारानं दोनदा विचारलं, "काय शोधताय?" मी म्हणालो, "गिअरबॉक्स." त्यानंतर तो माझ्यापासून जरा लांबच राहिला.

पार्सल आलं. दोन डबे, एकमेकांचे आरशातले जुळे. डाव्याचा उजवीकडं बसत नाही आणि कोणता डावा हे कुठंही लिहिलेलं नाही. अण्णांनी ते लगेच बसवू दिले नाहीत. आधी उघडले, जुन्या ब्रशनं डिझेलमध्ये धुतले. वाटीच्या तळाशी चमचमणारा बारीक कीस बसला. "हा आत राहिला असता तर दात्यांना कानसच लागली असती." मग ग्रीस. मी बोटभर घेतलं, त्यांनी माझ्या बोटावरचं निम्म्याहून जास्त पुसून काढलं. दात्यांना लागेल इतकंच. जास्तीचं भिरकावलं जातं आणि धूळ धरून बसतं.

मोटर बसवायचं काम बघण्यासारखं होतं. मोटरचे दोन स्क्रू सैल ठेवले की पिनियन मोठ्या चाकाच्या जवळ-लांब सरकवता येतं. मी घट्ट दाबून धरलं. दाते एकमेकांत पूर्ण गेले की पकड चांगली, हा माझा हिशेब. अण्णांनी मान हलवली. "प्ले ठेवा. दाते फिरताना तापतात, त्यांना अंग हलवायला जागा लागते. नाहीतर मोटर नुसतं त्यांना रेटण्यातच दमेल." त्यांनी कागदाची बारीक पट्टी मागितली. माझ्याकडं कागजीपुऱ्याचा हातकागद होता. दौलताबादजवळच्या ह्या गावात कागद बनतो तो तुघलकाच्या काळापासून, असं आमच्याकडं सांगतात. तो जाड निघाला. शेवटी बिलबुकाचं पातळ पान कामी आलं. पट्टी दोन चाकांच्या मध्ये घालून मोटर तिच्यावर टेकवली, स्क्रू आवळले, आणि चाक बोटानं फिरवून पट्टी बाहेर काढली. तिच्यावर दात्यांच्या घड्या एकसारख्या उमटल्या होत्या, कुठं फाटली नव्हती. अण्णांनी ती उजेडाला धरून बघितली आणि माझ्या हातात दिली. चाकं हलवली तर केसभर टकटक, बस्स. तीस वर्षं व्हर्निअर वापरलेल्या माणसानं बिलबुकाच्या पानावर भरवसा ठेवला, ह्याचं मला अजून नवल वाटतं.

स्क्रूंना लॉकटाइटचा थेंब लावला, वायरी जोडल्या, रिमोटची दांडी पुढं केली. डावा पट्टा पुढं गेला आणि उजवा मागं. मी हबकलो. अण्णांनी शांतपणे उजव्या मोटरच्या दोन वायरींची अदलाबदल केली. मोटरला दिशा कळते ती तेवढ्यानंच.

आता तो चालतो. हळू, भारदस्त, आवाजात पूर्वीची कुरकुर जाऊन एक खर्ज आलाय. पायरी चढतो. मुरमावर जागच्या जागी वळतो. भाच्याला व्हिडिओ पाठवला, त्याचा अंगठा आला.

पण अण्णांचं समाधान झालं नव्हतं. त्यांनी बोटानं पट्टा क्षणभर अडवून धरला. आधी हे केलं असतं तर दाते सोलले असते. आता काहीच सोललं नाही. मोटर नुसती गुंगुं करत जागेवर थांबली, आणि त्यांनी पट्टा सोडून मोटरच्या वायरीला हात लावायला सांगितलं. कोमट लागली. "अडकलेली मोटर सगळ्यात जास्त करंट ओढते. पूर्वी प्लॅस्टिकचा दात तुटायचा आणि बाकीचं वाचायचं. तो दात म्हणजे ह्याचा फ्यूज होता, डॉक्टर. तुम्ही फ्यूजच स्टीलचा केलात. आता खडा अडकला की दाते टिकतील, पण मोटर जळेल. मोटर टिकली तर सर्किट जाईल."

म्हणजे अपग्रेड करून मी दुखणं बरं केलं नव्हतं, आत ढकललं होतं. माझ्या धंद्यात असली गिऱ्हाइकं रोज येतात. अंगावर पुरळ उठलं म्हणून मलम नेतात आणि पोटात काय चाललंय ते विचारलं तर रागावतात. मी मात्र रागावलो नाही. आता काय करायचं, ते विचारलं.

"काहीतरी तुटायलाच पाहिजे. ते स्वस्तातलं तुटू द्या."

बॅटरीच्या वायरीत फ्यूज टाकायचं ठरलं. मोटरसायकलला असतो तसला, दोन पायांचा, दहा अँपिअरचा. नेहमीच्या चालीला तो पुरतो, आणि दोन्ही मोटरी एकदम अडकल्या तर जातो. वेरूळ रस्त्यावरच्या गॅरेजात गेलो. पोरानं फ्यूजचा डबा काढला आणि विचारलं, "गाडी कोणती, डॉक्टर?"

"भीष्म," मी म्हणालो.

त्यानं थोडा विचार केला. "नवीन आली का? बॅटरीवरची?"

बॅटरीवरचीच होती. पाच फ्यूज घेतले.