आपल्याच गावातले कलावंत

टेक्ससमधल्या ऑस्टिनच्या सिक्स्थ स्ट्रीटवर ‘एस्थर्स फॉलीज’ हे छोटं थिएटर आहे. राजकारण्यांच्या नकला, गाणी, प्रहसनं आणि जादूचे प्रयोग, असा त्यांचा कार्यक्रम १९७७ पासून चालू आहे. तिथल्या रंगमंचाच्या मागे मोठमोठ्या काचेच्या खिडक्या आहेत आणि खिडक्यांपलीकडे थेट रस्ता. पुढे नट संवाद म्हणत असतो आणि त्याच्या पाठीमागून शनिवार रात्रीची गर्दी वाहत असते. कुणीतरी थबकतं, काचेला नाक लावून आत बघतं, हात हलवतं. नट त्याला तिथल्या तिथे प्रवेशात ओढून घेतात आणि सगळं प्रेक्षागृह हसायला लागतं. रस्त्यावरच्या त्या माणसाला आपण नाटकात आहोत याचा पत्ताही नसतो.

भारतातून कुणी आलं आणि हे शहर कसं आहे असं विचारलं, की मी त्यांना आधी त्या खिडक्या दाखवायला नेते. इथे रंगमंच आणि रस्ता यांच्यात अंतर फार कमी आहे. रात्री ज्याची गिटार ऐकली तो सकाळी किराणा दुकानात आपल्या पुढे रांगेत उभा असतो आणि आपण त्याला सांगू शकतो की शेवटचं गाणं फार आवडलं. मुंबई-पुण्यातल्या आमच्या पिढीने नाटकवाल्यांशी अशी सलगी प्रायोगिक रंगभूमीच्या छोट्या नाट्यगृहांत अनुभवली होती. परदेशात ती पुन्हा मिळेल असं वाटलं नव्हतं.

आम्हा मराठी माणसांपैकी बहुतेक जण इथे चिप आणि सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांसाठी आलो. घरं उत्तरेच्या उपनगरांत, राउंड रॉक आणि सीडर पार्कच्या बाजूला. गणपती, दिवाळी, भारतातून दौऱ्यावर आलेलं एखादं नाटक हे सगळं इथल्या मराठी मंडळामुळे मिळतं, आणि मंडळासाठी राबणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण एरवीच्या शुक्रवारी संध्याकाळी बहुतेक घरांत टीव्हीवर मालिका लागते, किंवा चौघे जण चार खोल्यांत चार पडदे बघत बसतात. अर्ध्या तासाच्या अंतरावर केवढं काय चाललेलं असतं! म्हणून आम्ही चार घरांनी मिळून ठरवलं की महिन्यातून एकदा तरी सगळ्यांनी, मुलांना आणि आलेल्या आईवडिलांना घेऊन, या गावातलं काहीतरी बघायचं.

सुरुवात सिनेमापासून केली, कारण या गावाचा सिनेमा म्हणजे एक जिवंत चळवळ आहे. १९८५ मध्ये रिचर्ड लिंकलेटर या विशीतल्या तरुणाने मित्रांना जमवून ऑस्टिन फिल्म सोसायटी सुरू केली. जगभरचे जे चित्रपट इथे कधी लागतच नव्हते ते मिळवायचे आणि जमतील तेवढ्या माणसांना दाखवायचे, एवढाच उद्देश. प्रभात चित्र मंडळाने १९६८ पासून मुंबईत जे केलं तेच हे काम. बघणारी माणसं तयार झाली की त्यांतूनच करणारी निघतात, हे दोन्हीकडे दिसतं. चार वर्षांनी, १९८९ च्या उन्हाळ्यात, लिंकलेटरने सुमारे २३,००० डॉलरमध्ये ‘स्लॅकर’ काढला. त्यात नायक नाही, कथा नाही. कॅमेरा ऑस्टिनच्या रस्त्यावर एका माणसाच्या मागे जातो, तो दुसऱ्याला भेटतो, मग कॅमेरा दुसऱ्याच्या मागे लागतो, आणि असा एक दिवस सरतो. कलाकार बहुतेक गावातलेच लोक. या चित्रपटामुळे अमेरिकेतल्या कितीतरी तरुणांना वाटलं की आपल्याकडेही कॅमेरा आहे, मित्र आहेत, गाव आहे, मग अडलंय कुठे? २०१२ मध्ये तो अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत गेला.

आमच्या लेकीला तो पहिल्या वीस मिनिटांत कंटाळवाणा वाटला. मग तिला विद्यापीठाजवळची ग्वाडालूपे स्ट्रीट ओळखू आली आणि ती सावरून बसली. शेवटी काही तरुण माउंट बॉनेलवर चढतात आणि कॅमेरा कड्यावरून खाली भिरकावून देतात. पाहुणे आले की प्रत्येक मराठी घर त्यांना फोटो काढायला त्याच टेकडीवर नेतं. लेक अंधारातच माझा हात दाबून म्हणाली, “आई, आपण उभे राहतो ती जागा!” शहर आपलं वाटायला घराचे हप्ते पुरत नाहीत. ते कुणीतरी आपल्याआधी बघितलेलं, रंगवलेलं असावं लागतं, आणि ते आपल्याला कळावं लागतं.

फिल्म सोसायटीचं आता स्वतःचं दोन पडद्यांचं चित्रपटगृह आहे, २०१७ पासून. जुना विमानतळ बंद झाल्यावर त्याच्या हँगरांमध्ये २००० साली त्यांनी स्टुडिओ उभे केले. टेक्ससमधल्या नव्या दिग्दर्शकांना सोसायटी अनुदानही देते. आम्ही मात्र तिथे जातो ते मुख्यतः नंतरच्या गप्पांसाठी. चित्रपट संपल्यावर अनेकदा दिग्दर्शक पुढे येऊन बसतो आणि प्रेक्षक विचारतात, पैसे कुठून आणले, ही जागा कशी मिळाली, ती म्हातारी बाई खरीच तुझी आजी का. असं काही ऐकल्यावर मुलांना चित्रपट म्हणजे माणसांनी केलेली वस्तू वाटते. आमच्यातल्या एका घरचा मुलगा हल्ली आजोबांना घेऊन छोट्या फिल्म बनवतो आणि आजोबा त्याला प्रत्येक टेकनंतर उच्चार सुधारून सांगतात.

इतर चित्रपटगृहांबद्दल थोडक्यात. काँग्रेस अव्हेन्यूवरचं पॅरामाउंट १९१५ चं आहे आणि १९७५ पासून दर उन्हाळ्यात तिथे जुने चित्रपट दाखवतात; त्या छताखाली शेकडो माणसांबरोबर जुना विनोदी चित्रपट बघणं हे सुख वेगळंच. अलामो ड्राफ्टहाउस १९९७ मध्ये इथेच एका पडद्यावर सुरू झालं, फोनवर बोलणाऱ्याला बाहेर काढतात म्हणून गाजलं, देशभर पसरलं आणि २०२४ मध्ये सोनीने विकत घेतलं.

उन्हाळ्यात सासू-सासरे सांगलीहून येतात, तेव्हा झिल्कर पार्कमधलं संगीतनाटक चुकवायचं नाही असा आमचा नेम आहे. १९५९ पासून दर उन्हाळ्यात उतारावरच्या खुल्या रंगमंचावर एक मोठं म्युझिकल होतं, आणि ते फुकट असतं. दुपारच्या भाजणाऱ्या उन्हातच लोक येऊन चादरी अंथरून जागा धरतात. बाजूलाच बार्टन स्प्रिंग्जचं झऱ्याचं पाणी बारा महिने वीस-एकवीस अंशांवर, मुलं तिथे डुंबून ओल्या केसांनीच टेकडीवर येतात. आम्ही दशम्या, दाण्याची चटणी आणि ताकाचा थर्मास नेतो. शेजारच्या चादरीवरचे लोक कलिंगड पुढे करतात, आपण त्यांना दशमी देतो. साडेआठच्या सुमाराला उजेड कलतो आणि वाद्यवृंद सुरू होतो.

बाबा, म्हणजे माझे सासरे, सांगलीचे. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये जिथे ‘सीतास्वयंवर’ केलं त्या गावचा माणूस. संगीतनाटक त्यांच्या रक्तात आहे. इंग्रजी शब्द त्यांना सगळे लागत नव्हते. पण नायिकेने गाणं उचललं तशी त्यांची बोटं मांडीवर ताल धरायला लागली. मध्यंतरात त्यांनी मला विचारलं, “सूनबाई, ही मंडळी दिवसा काय करतात गं?” मी म्हटलं, “बाबा, कुणी शाळेत शिकवतं, कुणी ऑफिसात असतं, काही विद्यार्थी आहेत.” ते बराच वेळ रंगमंचाकडे बघत राहिले आणि म्हणाले, “म्हणजे आपल्यासारखंच. गावाने गावासाठी केलेलं.”

सासूबाईंना जास्त आवडलं ते साउथ लामारवरचं ‘ब्रोकन स्पोक’. जेम्स व्हाइट यांनी १९६४ मध्ये सुरू केलेला हा नाचाचा हॉल; बुटकं छत, लांबट लाकडी जमीन, एका टोकाला कंट्री संगीताचा बँड. जेम्स २०२१ मध्ये गेले, त्यांची मुलगी टेरी नवख्यांना टू-स्टेप शिकवत आली आहे. दोन पावलं भरभर, दोन संथ, आणि सगळ्या जोड्या घड्याळाच्या उलट दिशेने हॉलभर फिरतात. सत्तरीची जोडपी असतात, बापाच्या बुटांवर पाय ठेवून नाचणारी लहान मुलगी असते. लहानपणी मंगळागौरी जागवलेल्या सासूबाईंनी पाच मिनिटं नुसतं बघितलं, पदर खोचला आणि नातीचा हात धरून त्या जमिनीवर उतरल्या.

त्या हॉलच्या दोन्ही अंगांना आता उंच अपार्टमेंट उभी आहेत, आणि त्याबद्दल मला आपल्या लोकांशी बोलायचंय. या शहराने १९९१ मध्ये स्वतःला जगाच्या लाइव्ह संगीताची राजधानी म्हणवून घेतलं. पण ज्यांच्या जिवावर ते बिरूद आहे ते वादक भाडी परवडत नाहीत म्हणून आसपासच्या लहान गावांत राहायला जातायत. भाडी वाढली ती आमच्यासारख्या चांगल्या पगारावर आलेल्या हजारो लोकांमुळेही. यात कुणाचा गुन्हा नाही, पण जबाबदारी आहे. इथल्या बहुतेक संगीतकारांना नोकरीतून मिळतो तसा आरोग्यविमा नसतो. म्हणून २००५ मध्ये ‘हाम’ ही संस्था निघाली, जी कमी उत्पन्नाच्या वादकांना वैद्यकीय मदत मिळवून देते आणि वर्षातून एक दिवस शहरभर कार्यक्रम करून त्यासाठी पैसे उभे करते. २०१९ मध्ये शहराने हॉटेलांवरच्या करातला काही भाग संगीतासाठी बाजूला काढला. हे सगळं चांगलंच आहे. तरीही बँडपुढे ठेवलेल्या बादलीत पडणाऱ्या नोटांवर त्या रात्रीची कमाई बरीचशी ठरते. आम्ही मुलांच्या हातात आधीच नोटा देऊन ठेवतो. बादलीत पैसे टाकताना गायकाकडे बघून हसायचं, हेही त्यांना शिकवलंय.

हाच आग्रह मी आपल्या सिनेमासाठीही धरते. ऑस्टिनमध्ये ‘इंडी मीम’ ही संस्था दक्षिण आशियातले स्वतंत्र चित्रपट दाखवते, त्यांचा महोत्सव होतो. २०२५ च्या जानेवारीत रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या मराठी चित्रपटाला सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. बातमी आमच्या सगळ्या ग्रुपांवर फिरली, अभिनंदनाचे अंगठे पडले. असा चित्रपट आपल्या गावात लागतो तेव्हा पहिल्याच खेळाला प्रेक्षागृह भरलं, तरच पुढचा मराठी चित्रपट आणायची आयोजकांना हिंमत होते. टीव्हीवर आल्यावर बघू, असं म्हटलं की तो दुसरा खेळ कधी लागतच नाही.

आमच्या चार घरांची आता सात झाली आहेत. या महिन्याची निवड एका नव्या जोडप्याकडे आहे. नुकतेच नाशिकहून आलेत, गाडी अजून घेतलेली नाही. त्यांनी पूर्व ऑस्टिनमधल्या एका लहानशा जागेतला स्थानिक नाटककाराचा प्रयोग काढलाय. तो कसा आहे कुणालाच माहीत नाही. तिकिटं काढली आहेत, दोघांना आणायला आमची गाडी जाणार आहे, आणि बाबांनी पुढच्या रांगेतली खुर्ची मागितली आहे.